पाठीवरची थाळी

तुमसर तालुक्यात मी आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले तेव्हा पहिलं कोडं औषधांचं पडलं नाही, थाळीचं पडलं. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. आंबागडच्या पायथ्याकडच्या एका गावात बांधीत काम करणाऱ्या बाईला साप चावल्याचा निरोप आला आणि मी सायकलला पिशवी अडकवून निघाले. पोचले तर अंगणात सगळं गाव गोळा झालेलं. बाई मांडी घालून, पुढे वाकून बसलेली, पाठ उघडी, आणि त्या पाठीला जेवायची काशाची थाळी चिकटलेली. कुणी धरलेली नव्हे, आपोआप चिकटलेली. मागे बसलेला भगत मंतरलेले खडे एकेक करून त्या थाळीवर मारत होता आणि प्रत्येक खड्याला थाळी बोलत होती. बाजूला घागरीच्या तोंडावर दुसरी थाळी पालथी घालून दोघं जण काड्यांनी ती बडवत होते. याला इकडे ठावा म्हणतात. ठाव्याच्या ठेक्यावर पुरुषांचे दोन घोळके नागाची बारी म्हणत होते. एकाने टाकायची, दुसऱ्याने उचलायची.

मला कुणी अडवलं नाही. "बसा जी बाई, तुमीबी पाहा," एवढंच एक म्हातारा म्हणाला. मी तिच्या पापण्या पाहिल्या, तिला बोलतं केलं, थुंकी गिळायला लावली. पायावरची खूण पाहिली. बारीक दातांची ओळ होती, दोन खोल भोकं नव्हती. दिवड असावी. नाडी मात्र १३० च्या वर, अंग घामाने निथळत होतं, हात गार. विषाचा पत्ता नसताना माणूस मरायला टेकल्यासारखा. मी तिचं मनगट सोडलं नाही. बारी चालली होती, खडे वाजत होते, आणि पाऊण तासाच्या आत नाडी नव्वदीत आली. घाम सुकला. थाळी खणकन खाली पडली. लोक म्हणाले, उतरलं.

उतरलं हे मलाही मान्य होतं, फक्त काय उतरलं याबद्दल माझं आणि भगताचं एकमत होण्यासारखं नव्हतं.

थाळी चिकटते कशी, ते पुढे एका दुपारी आम्ही उपकेंद्राच्या परिचराच्या पाठीवर करून पाहिलं. साप नाही, मंत्र नाही. उन्हातून आलेल्या माणसाची घामट पाठ आणि किंचित खोलगट थाळी एवढं पुरतं. दाबली की आतली हवा निघून जाते, कडेला घामाचं सील बसतं, आणि माणूस पुढे वाकलेला असला की थाळी तोलून राहते. घाम सुकला किंवा माणूस सरळ झाला की वरून एक खडा बसायचा अवकाश, पडलीच. म्हणजे थाळी काही खोटं सांगत नव्हती. भीतीने सुटलेला घाम आटला, एवढं ती प्रामाणिकपणे कळवत होती. लोक त्याला विष उतरणं म्हणत होते, आणि दहातल्या बहुतेक वेळा साप धामण, दिवड, तस्कर असलाच निघत असल्यामुळे भगताची पत टिकून होती. विषारी सापसुद्धा प्रत्येक वेळी विष सोडतो असं नाही. तेही भगताच्या खात्यावर जमा व्हायचं.

मण्यार मात्र हिशेब चुकता करते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, फारसं दुखत नाही, खूण शोधावी लागते. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. अशा एका पोराला आणलं तेव्हा त्याच्या पाठीवरचीही थाळी पडून गेली होती. आईला धीर आला होता. "डोरे उघडत नाई, झोपला असन," ती म्हणत होती. रात्रभर कानाशी ठावा वाजत असताना कुठलं पोर झोपेल? तो वाटेतच गेला. त्यानंतर मी बारीच्या अंगणात कधी निवांत बसले नाही. आधी पापण्या पाहायच्या, नंतर बाकीचं.

पण थाळीचा विचार काही डोक्यातून गेला नाही. नव्वदीत आलेली ती नाडी मी माझ्या बोटांनी मोजली होती.

थाळी काशाचीच का, पितळेची का नाही, हे मी भंडाऱ्यात एका भांडेवाल्याला विचारलं. आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. जिल्ह्याच्या नावाची व्युत्पत्तीसुद्धा लोक भाण्याशी, म्हणजे भांड्याशी लावतात. रतनपूरच्या कलचुरींच्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भाणारा हे नाव येतं, तेव्हा गाव जुनं आहे यात शंका नाही. स्टील आलं, प्लास्टिक आलं, ठोक्यांचे आवाज कमी झाले, तरी हुंडे, गुंड, पराती अजून दिसतात. भांडेवाल्याने काही समजावून सांगितलं नाही. पितळेची थाळी बोटांवर तोलून टिचकी मारली, मग काशाची. पितळ लगेच गप्प झालं. कासं वाजतच राहिलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२ असं प्रमाण. कथिलाने धातू कडक होतो. इतका की थंड असताना ठोकला तर तडकतो, म्हणून कासं तापवून तापवून घडवावं लागतं, आणि फरशीवर आपटलेली काशाची वाटी कधी कधी चक्क फुटते. हाच ताठरपणा नादाच्या कामी येतो. मऊ धातू कंपन आतल्या आत जिरवून टाकतो, कासं ते जिरवत नाही. शिवाय हाताने घडवलेली थाळी कधीच बिनचूक गोल नसते. एका दिशेने ती एका सुरात थरथरते, दुसऱ्या दिशेने त्याला अगदी लागून असलेल्या दुसऱ्या सुरात, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले की आवाज कमी-जास्त, कमी-जास्त होत राहतो. कानाला तो हेलकावा वाटतो. घाबरलेल्या माणसाचं लक्ष त्या हेलकाव्यामागे जातं आणि तो पार विरेपर्यंत तिथेच राहतं. तेवढ्यात पुढचा खडा बसतो.

काशाच्या वाटीने तळपाय चोळायची रीत तर महाराष्ट्रभर आहे. तूप किंवा तेल लावायचं, वाटी फिरवायची, काळं काळं निघतं. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, उष्णता निघाली. ते काळं वाटीचंच असतं, घासलं जाऊन तेलातुपात उतरलेलं. डोक्याचा ताप कमी झाल्यासारखा वाटतो तो कुणीतरी अर्धा तास पाय चोळल्यामुळे. वाटीचा गुण वजा केला तरी हाताचा उरतोच. आमच्याकडच्या औषधपाण्यात ही वजाबाकी मला पुन्हा पुन्हा करावी लागली.

आता आंबागडच्या किल्ल्याबद्दल सांगते, कारण बारीचं अंगण काही हवेत नव्हतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, त्याचा राजा खान पठाण नावाचा सुभेदार होता. त्याने १७०० च्या आसपास हा किल्ला बांधला. सातपुड्याच्या सोंडेवर, सागवान आणि बांबूच्या जंगलात. बख्त बुलंदला राज्यात कसणारे हात हवे होते. त्याच काळात पवार मंडळी आधी रामटेकजवळ नगरधनला, मग आंबागड आणि चांदपूरकडे आणि पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात पसरली. म्हणजे या पायथ्याला गोंड, पवार, कुणबी, तेली, हलबा, महार, ढिवर असे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले, आणि एकमेकांचे रोग, देव आणि वाद्यंही त्यांनी उचलली. बारी नेमकी कुणाची म्हणून विचारलं तर प्रत्येक मोहल्ला आपली म्हणतो.

देवगडचं राज्य मोडल्यावर गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना गडावरच्या विहिरीचं विषारी पाणी प्यायला लावून मारत, अशी जुनी आख्यायिका आहे. गावोगाव ती अजून सांगतात. मला त्या गोष्टीत विष दिसत नाही, हगवण दिसते. उपसा नसलेल्या, झाडपाला कुजलेल्या विहिरीचं पाणी आणि अर्धपोटी कैदी, यापलीकडे वेगळं विष कशाला हवं? पण जंतू दिसत नाहीत आणि मेलेला माणूस दिसतो. मग कुणी विष म्हणतं, कुणी देवीचा कोप म्हणतं. आणि ज्याला डोळ्यांनी पाहता येत नाही त्याला आवाजाने हाकलायचं, ही तर या भागातली फार जुनी समजूत.

गोंडांकडे आवाजाचं काम वेगळ्या माणसाकडे होतं. परधान किंगरीवर वंशावळी गातो, बडादेवाला जागं करतो, मेलेल्याला पूर्वजांत पोचवतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले, त्यात परधानांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या खंडांचा सूर पुष्कळदा साहेबी आणि वरून पाहणारा आहे, पण एक गोष्ट त्यातून लक्षात येते. परधानाचं गाणं आजाऱ्याच्या शरीरासाठी नव्हतं. घरात मरण झालं, की उरलेल्यांनी त्या माणसाशी नातं कसं ठेवायचं, त्यासाठी ते होतं. आजच्या भाषेत शोकाचा उपचार म्हणा.

आणि पोळ्याची मारबत. नागपुरातली काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. वर्तमानपत्रं तिचे फोटो छापतात. आमच्या खेड्यात ती वेगळी असते. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, उभे करायचे. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं की पोरं-बापे ते उचलून शिवेबाहेर नेऊन टाकतात, आणि वाटभर बोंब मारत रोगांची नावं घेतात. खोकला, ढेकूण, डास, जे ज्याच्या घरी असेल ते मारबतीने घेऊन जावं. तारीख पाहा. ऐन पावसाळ्याची अखेर, हिवतापाचे आणि हगवणीचे दिवस. मी त्या आठवड्यात घरोघर रक्ताचे नमुने घेत फिरायचे, आणि माझ्या वहीतली बरीचशी दुखणी त्या बोंबेत पहाटेच ऐकून झालेली असायची. बोंबेने डास गेले नाहीत. पण ज्या घरी ताप होता त्या घरासाठी अख्खी गल्ली घसा ताणून ओरडली, हे तापाने निजलेल्या माणसाने अंथरुणातून ऐकलं. त्याला काय वाटलं असेल, हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

पटकीच्या साथीत मरीमाय या साथीच्या देवीच्या नावाने डफडी वाजवत शिवेपर्यंत जायची रीत होती. डफडी वाजवायची कुणी? महारांनी. कामही गावकीचं, मोबदला शिळ्या भाकरीचा, आणि मढ्या ढोरांपासून मयताच्या निरोपापर्यंत सगळं त्याच खात्यात. ध्वनीने गावाला बरं वाटतं असं लिहिणारे हे पान बहुतेक गाळतात. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभे होते. हरले, पण त्या प्रचारात जिल्ह्याने त्यांना ऐकलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगाव लोकांनी गावकीची कामं टाकली. डफडंही टाकलं. काही गावांत मरीमाय त्या वर्षीपासून मुकी झाली. साथी त्यामुळे वाढल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. ज्या हातांनी डफडं खाली ठेवलं त्यांच्या घरांत त्रिशरण-पंचशील सुरू झालं. एका मावशींनी मला सांगितलं होतं, "बाई, आमच्या सासऱ्याचे हात वाजवू वाजवू दुखत. वंदनेले हात जोडले का दुखत नाई." शरीरावर आवाजाचा परिणाम म्हणतात तो असाही असतो, आणि तो ऐकणाऱ्यापुरता मर्यादित नसतो.

माझ्या नोकरीच्या काळात या भागातला सगळ्यात नियमित आवाज तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेचा होता. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या या माणसाने हातात खंजिरी घेतली आणि विदर्भाचं खेडं न् खेडं पालथं घातलं. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, १९५५ मध्ये ग्रामगीता आली, १९६८ ला ते गेले. पण गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना सुरूच राहिली. संध्याकाळी झाडलेल्या जागेत रांगा धरून बसायचं, आधी काही वेळ गप्प, मग एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पूर्ण ओळ एका श्वासात म्हणावी लागते, आणि पुढचा सांगत असताना श्वास घ्यायला निवांत सवड मिळते. रक्तदाबाची तपासणी मी मुद्दाम प्रार्थनेनंतर ठेवायचे, कारण लोक एका जागी सापडायचे. लवकरच लक्षात आलं की प्रार्थनेआधी घेतलेला आकडा आणि नंतर घेतलेला आकडा एक नसतो. मग मी वहीत वेळही लिहायला लागले, नाहीतर गोळ्यांचा गुण की प्रार्थनेचा, हे डॉक्टरांना कळायचं नाही.

याचं उत्तर मला फार नंतर एका डॉक्टरांनी वाचायला दिलेल्या लेखात मिळालं. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेलं काम. निरोगी २३ माणसांना त्यांनी एकदा लॅटिन जपमाळ म्हणायला लावली, एकदा ओम मणि पद्मे हुम्. दोन्हींत श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर आला. साध्या माणसाचा चौदा-सोळा असतो. सहावर आला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची आपापली लय श्वासाच्या लयीला येऊन मिळते, आणि दाब सांभाळणारी जी आतली यंत्रणा आहे ती जास्त तत्पर होते. म्हणजे देव कुठला, भाषा कुठली, याच्याशी नाडीला कर्तव्य नाही. ओळीची लांबी बेताची हवी. आमच्या बारीतही एक गट टाकतो, दुसरा उचलतो, आणि गळ्यात आवाज नसलेला रोगीसुद्धा नकळत त्या लयीत श्वास घेऊ लागतो. माझ्या बोटांखालची १३० ची नाडी नव्वदीत आली ती अशी, निदान मला तरी याहून बरं कारण सापडलेलं नाही.

गुणगुणण्याचाही एक हिशेब आहे. स्वीडनमधल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली दाखवलं की तोंड मिटून हूं केलं, की नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू गप्प उच्छ्वासाच्या पंधरापट होतो. कंपनाने नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांतली हवा घुसळून निघते. आमची जुनी दाई हा वायू ओळखत नव्हती. पण कळा घेणारी पोरगी किंचाळायला लागली की ती तिची हनुवटी खाली दाबून म्हणायची, "वरून नको ओरडू वो, बुडातून हूं कर. लांब कर." किंचाळीत श्वास तुटतो, पोटाचे स्नायू आवळतात. लांब हूं मध्ये उच्छ्वास लांबतो, जबडा सैल पडतो. प्रशिक्षणात आम्हाला श्वासाचे जे धडे दिले होते त्यापेक्षा हे लवकर समजायचं. कळा कमी होत नाहीत. सोसायला मात्र जमतात.

आता हल्लीचं. सुनेने मला नागपुरात साउंड बाथला नेलं. गाद्या, मंद दिवे, आणि मधोमध काशाच्या वाट्या. शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं की हे हजारो वर्षांचं तिबेटी ज्ञान आहे. वाट्यांचं कासं चांगलं होतं, हेलकावा मी लगेच ओळखला. तिबेटचा भाग मात्र पचायला कठीण आहे. तिबेटी विधींत झांजा आहेत, घंटा आहेत, कर्णे आहेत. वाटी घासून रोग्याला ऐकवण्याची परंपरा अभ्यासकांना जुन्या कागदपत्रांत दिसत नाही. १९७२ साली हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या जोडीची तिबेटन बेल्स नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि पाश्चात्त्यांच्या घरांत हा नाद आणि त्याच्याबरोबर हा इतिहास शिरला. पुढे जर्मनीत पेटर हेस यांनी १९८४ पासून अंगावर वाट्या ठेवून वाजवण्याची पद्धत बसवली. अंगावर ठेवून! पायथ्याच्या भगताला हे ऐकवायला हवं होतं.

तासभरात मला गाढ झोप लागली, हे कबूल. पैसे फुकट गेले असं मी म्हणणार नाही. पण शेवटी त्या मुलाने थायरॉइड, साखर, गाठी यांची नावं घ्यायला सुरुवात केली तेव्हा मला ते अंगण आठवलं. कॅलिफोर्नियात तमारा गोल्ड्सबी यांच्या गटाने ६२ माणसांवर केलेलं काम २०१७ साली छापून आलं. वाट्यांच्या सत्रानंतर ताण, राग, थकवा कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे तासभर नुसतं आडवं पडल्याने किती फरक पडला असता ते कळायला मार्ग नाही. २०२० साली या वाट्यांवरचे सगळे अभ्यास चाळून पाहणाऱ्यांना धड चारच अभ्यास सापडले. त्याच बर्नार्डींनी २००६ साली संगीताचा श्वासावर आणि रक्तदाबावर परिणाम मोजताना मध्ये दोन मिनिटं शांतता ठेवली होती. नाडी आणि दाब त्या शांततेतच सगळ्यात खाली गेले. प्रार्थनेच्या आधीची ती गप्प मिनिटं मोझरीच्या खंजिरीवाल्याला कुणी शिकवली असतील?

मला खटकतं ते वेगळंच. साउंड बाथमध्ये सोळा माणसं डोळे मिटून पडली होती आणि वाजवणारा एक होता. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. बारीत उलट. पडलेला एक, आणि वाजवणारे, गाणारे, पाणी आणणारे, बिड्या फुंकणारे, उगाच सल्ले देणारे सगळे. त्यात अज्ञान भरपूर होतं, आणि वेळ तर प्राणघातक इतका जायचा. पण उद्या सकाळी तुझ्या बांधीतला रोवणा कोण करणार, हे त्याच अंगणात ठरलेलं असायचं.

विषाचं म्हणाल तर त्याला एकच तोड आहे. फ्रान्सच्या अल्बेर काल्मेतने १८९५ च्या सुमारास सर्पविषावरची पहिली लस काढली. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती बनवतात, आणि मुंबईच्या हाफकिनने ती पिढ्यान् पिढ्या पुरवली. तरीही २०२० साली छापलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, निम्मी पावसाळ्यात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी आली, आणि माझ्या मते आंबागडच्या पायथ्याला थाळीपासून माणूस उठवला तो या गाडीने, आमच्या भाषणांनी नव्हे. भगताच्या स्वतःच्या नातवाला नाग चावला तेव्हा फोन त्यानेच केला होता.

नागपंचमीला बारी अजून म्हणतात, ठावा अजून मांडतात. निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका घरातून रात्री नवरा-बायको पोरीला घेऊन १०८ मध्ये बसले. मागे म्हातारी, दोन लहान पोरं आणि शेजारीपाजारी उरले. झोप कुणालाच येणार नव्हती. म्हातारीने थाळी घागरीपर्यंत आणली आणि माझ्याकडे पाहून थांबली. "बाई, आता वाजवाची का नाई?"

मी म्हटलं, "गाडी गेली ना आजी, मग वाजवा. फक्त मोबाइल ज्याच्याजवळ आहे त्याला ठाव्याजवळ बसवू नका. दवाखान्यातून फोन आला तर ऐकू आला पाहिजे."